लाळेचे शिपाई

माझ्या तान्ह्या लेकीला, ओवीला, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पांढरीपांडे सरांनी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ते वाकून तिचं लाळेरं बघत होते. लोक म्हणतात, नाक आईवर गेलंय, डोळे बापावर गेलेत. सर म्हणाले, "वा! भरती सुरू झाली वाटते!"

सर आमच्या शेजारचे. आयुष्यभर दातांच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून चौबे कॉलनीतली समस्त जनता त्यांची विद्यार्थी झाली. फी नाही, सुट्टीही नाही. विषय एकच, लाळ.

सदर बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. कोणी गुटख्याची पिचकारी मारली की हे स्कूटर थांबवायला लावणार आणि त्याला म्हणणार, "भैया, इतने सिपाही नाली में फेंक दिए?" तो माणूस आधी नालीत बघतो, मग माझ्याकडे. मी हेल्मेटची काच खाली ओढतो.

शिपाई म्हणजे लाळेतली प्रतिपिंडं, रोगजंतूंना तोंडातच अडवणारी. हे मला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय, की मीही आता वर्ग घेऊ शकेन. जन्मलेल्या बाळाच्या लाळेत हे शिपाई जवळजवळ नसतातच. आईच्या दुधातून येते ती उसनी कुमक. मग काही आठवड्यांत बाळाची स्वतःची भरती सुरू होते, वर्षानुवर्षं वाढत जाते आणि पोर चांगलं शाळकरी झालं की कुठे मोठ्या माणसाच्या बरोबरीला येते. "तोवर," सर बोट उगारून म्हणत, "पापे बंद!"

आणि ते खरोखर बंद केले हो त्यांनी! ओवीला बघायला कोणी आलं की हे आमच्या फाटकाशी हजर. "सर्दी आहे का? हात धुतले का?" माझ्या मावशीला त्यांनी चूळ भरायला लावली. माझी आई संतापली. "पोट्टी आमची, अन् पहारा यांचा काहून?" मी दोघांच्या मध्ये. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत. स्वतः सर मात्र ओवीला कधी उचलत नसत. लांबूनच बघत आणि सूचना देत.

मग उष्टावण आलं. पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून माझा मेहुणा नागपूरहून हौसेने चांदीची वाटी घेऊन आला. ओवी मांडीवर, सगळे भोवती. मेहुण्याने चमच्यात खीर घेतली, गरम आहे का ते बघायला स्वतःच्या ओठाला लावली, आणि तोच चमचा ओवीकडे नेला.

"थांबा!" सर ओरडले. "तुमचे जंतू चालले तिच्या तोंडात!"

चमचा हवेत राहिला. मेहुण्याचं तोंड उतरलं. त्याने वाटी खाली ठेवली. आता सासरकडचे वर्षभर हेच बोलणार, या विचाराने मला घाम फुटला.

आईचा मात्र बांध फुटला. तिने स्वयंपाकघरातून धुतलेला चमचा आणला, वाटी उचलली आणि दोन्ही सरांच्या हातात कोंबलं. "घ्या! तुम्हीच भरवा आता!"

मला वाटलं, आता आणखी एक व्याख्यान. पण सरांनी वाटी परत आईपुढे धरली.

"मले नाही येत, वहिनी," ते म्हणाले. "मी कधी भरवलं नाही कोणाले."

"काहून? नातू आहे ना तुम्हाले दिल्लीले?"

"हव, आहे ना. तो झाला तेव्हा मले सारखा खोकला राहायचा. म्हटलं, होऊ द्या पोट्ट्याची भरती, मग घेऊ जवळ. दारातूनच पाहून परत यायचो. दर वेळी म्हणायचो, पुढच्या वेळी." सर वाटीकडे बघत होते. "आता दहा वर्षांचा झाला. शिपाई पक्के झाले त्याचे. यंदा गेलो तर म्हटलं, ये रे मांडीवर. तर म्हणते, दादाजी, अब मैं बड़ा हो गया हूँ."

इतके दिवस या माणसावर चरफडलो त्याचं मला वाईट वाटलं. आईने पदराने नाक पुसलं आणि ओवीला उचलून सरळ सरांच्या मांडीवर ठेवलं. मेहुणाच पुढे सरकला. "सर, वाटी मी धरतो. तुम्ही भरवा."

सरांनी चमच्याच्या टोकावर खीर घेतली. ओवीने अर्धी चाटली, अर्धी बाहेर ढकलली, मग सरांचं बोट पकडून आपल्या बिनदातांच्या तोंडात घातलं आणि चावत बसली. सर हलले नाहीत.

"सर, बाहीवर लाळ गळून राहिली," आई म्हणाली. "थांबा, पुसून देते."

"राहू द्या वहिनी," सर म्हणाले. "गळू द्या."