एका मुलीचे तीन लाभार्थी

मैथिली पोंक्षे ही अकरावीत असतानाच कॉलेजात जायला लागली आणि त्यामुळे ती अकरावीत उरली नाही, ही गोष्ट तिच्या वडिलांना, म्हणजे वासुदेव पोंक्षे यांना, एका शुक्रवारी दुपारी ई-मेलने कळली. ई-मेलच्या शेवटी हसरा चेहरा होता.

वासुदेवराव दुबईत करामाला राहत आणि एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. गेली एकोणीस वर्षं ते कागदांना नंबर देत आले होते. ज्याला नंबर नाही तो कागदच नाही, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे कागदावर जे छापून येतं ते खरं असतं आणि डोळ्यांना जे दिसतं त्याची खातरजमा करावी लागते, अशी त्यांची साधी श्रद्धा होती. त्या दिवशी जेवताना त्यांनी मैथिलीकडे दोनदा नीट बघून घेतलं. दिसायला तर ती अकरावीतलीच वाटत होती.

योजना चांगली होती, हे आधीच सांगायला हवं. तिचं नाव ‘अर्ली क्रेडिट’. हुशार मुलांनी शाळेत असतानाच कॉलेजचा एखादा विषय घ्यावा, त्याची क्रेडिट्स पुढे पदवीत धरली जावीत आणि फी सरकारी निधीतून भरली जावी, इतका सरळ हेतू. मैथिलीला लहानपणापासून खेकड्यांचं वेड. उम्म अल कुवैनच्या खाडीत तिवरांच्या मुळाशी तांबडे खेकडे असतात, त्यांच्या बिळांपाशी ती तास न् तास उकिडवी बसत असे. तिथल्या एका कॉलेजात किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीचा कोर्स आहे असं कळल्यावर तिने दोन दिवस घरात दुसरा विषय काढू दिला नाही.

“तीन हजार सहाशे दिरहॅमचा कोर्स आहे,” वासुदेवराव बायकोला म्हणाले. “म्हणजे जवळपास पंच्याऐंशी हजार रुपये. आणि आपल्याला पडणार शून्य. शून्य दिरहॅम म्हणजे...” सवयीने त्यांनी तोही गुणाकार करून बघितला.

“फुकट आहे म्हणजे कुठेतरी अट असणार,” अर्चना म्हणाली.

“एकच अट आहे. मूल पूर्णवेळ शाळेत पाहिजे. आपलं आहेच.”

पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला तीस तास. सोमवारी आणि बुधवारी दुपारी कॉलेजला जायचं म्हणून मैथिलीचे शाळेचे चार तास बुडाले आणि सव्वीस उरले. सव्वीस तासवाली मुलगी अर्धवेळ. अर्धवेळ मुलगी अकरावीत धरली जात नाही, म्हणून योजनेला अपात्र. शुक्रवारच्या ई-मेलचा अर्थ एवढाच होता. अपात्र ठरल्यामुळे पुढच्या आठवड्यात ती कॉलेजला गेली नाही, साहजिकच तिचे तीस तास भरले आणि पुढच्या शुक्रवारी ‘अभिनंदन, आपण पात्र आहात’ असा ई-मेल आला. ती आनंदाने कॉलेजला गेली आणि त्याच आठवड्यात पुन्हा अपात्र झाली. दीड महिना ती अशी एक आठवडा आड हुशार राहिली.

“यात चूक कोणाचीच नाही,” शाळेच्या ऑफिसातल्या ताजबी मॅडम वासुदेवरावांना म्हणाल्या. त्या बावीस वर्षं याच खुर्चीत होत्या आणि चूक कोणाचीच नाही हे वाक्य त्यांनी तितकीच वर्षं सांभाळलं होतं. “चार तास कमी पडताहेत ना? भरून काढू. सकाळी शाळा भरायच्या आधी एकच वर्ग चालतो. सहावीची चित्रकला.”

“पण ती अकरावीत आहे.”

“तास हा तास असतो, भाईसाब. सिस्टीम इयत्ता विचारत नाही.”

तेव्हापासून मैथिली आठवड्यातून चार दिवस सकाळी पावणेसातला सहावीच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसू लागली. पहिल्या आठवड्यात पोरांनी तिला शिक्षिका समजून गुड मॉर्निंग म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात मॉनिटर केलं. तिसऱ्या आठवड्यात अख्ख्या वर्गाला दहा पायांचा खेकडा बिनचूक काढता येऊ लागला.

आता शाळेचे तीस आणि कॉलेजचे चार मिळून चौतीस तास झाले. मुलांवर ताण पडू नये याची शिक्षण खात्याला फार काळजी होती. बत्तीसच्या वर तास गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून दोन तास ताणमुक्तीचं समुपदेशन सक्तीचं होतं.

“तुला कशाचा ताण येतो?” समुपदेशक बाईंनी मैथिलीला मायेनं विचारलं.

“कमिंग हिअर, मॅम,” मैथिली म्हणाली.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि समुपदेशन पुढे चालू ठेवावं अशी शिफारस केली. हे दोन तासही हजेरीतच धरले गेले. एकूण छत्तीस. पस्तीस तासांच्या वर झेपणारं मूल हे सामान्य मूल नसतं असं नियमात म्हटलं होतं. त्याला ‘जलदगती विद्यार्थी’ म्हणतात आणि त्याची नोंद आपोआप शाळेतून कॉलेजात जाते. एका मंगळवारी सकाळी शाळेच्या फाटकावर मैथिलीचं कार्ड चालेना. सुरक्षारक्षकाने तिला ओळखलं, हसून सलाम केला आणि आत सोडलं नाही.

अर्चनाने गाडी वळवून थेट उम्म अल कुवैन गाठलं. कॉलेजचे रजिस्ट्रार विजयकुमार अत्यंत सज्जन गृहस्थ होते. त्यांनी दोघींना चहा दिला, मैथिलीच्या प्रवेशाबद्दल अभिनंदन केलं आणि बारावी पास झाल्याचं प्रमाणपत्र मागितलं.

“ती अजून बारावीत गेलेलीच नाही,” अर्चना म्हणाली.

“काही घाई नाही, मॅडम. बारावी होऊ दे, मग आणा.”

“शाळा म्हणते, कॉलेजात गेलेल्या मुलीला बारावीत बसवता येत नाही.”

“बरोबर आहे,” विजयकुमार म्हणाले. “आणि बारावी न झालेल्या मुलीला मला कॉलेजात बसवता येत नाही. दोन्ही नियम चांगले आहेत. इन्शाल्ला, काहीतरी मार्ग निघेल.”

खाडीच्या कडेला गाडी उभी करून दोघी मायलेकी बराच वेळ बसल्या. ओहोटी होती, खेकडे बाहेर आले होते. मैथिलीने खिडकीची काच खाली केली नाही. “आई, आय ॲम नोव्हेअर,” ती म्हणाली आणि एवढे दिवस हसत हसत सहावीत बसलेली ती पोर ढसाढसा रडली.

अर्चनाने नवऱ्याला फोन लावला. “तुमच्या कागदांना सांगा, माझी मुलगी गाडीत बसून रडते आहे. याला नंबर देतात का ते विचारा.”

वासुदेवरावांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्यांनी मैथिलीची सगळी कागदपत्रं एका फाइलीत लावली, अनुक्रमणिका केली आणि खात्याच्या समाधान केंद्रात जाऊन ते उभे राहिले. टोकन लगेच मिळालं, पाणी मिळालं, खजूर मिळाले. काउंटरवर इनाया नावाची एक हसतमुख तरुणी होती. तिने फाइल उघडायच्या आधीच, ‘आमची सेवा कशी वाटली’ हा पडदा त्यांच्याकडे वळवला.

“अजून सेवा झालेली नाही,” वासुदेवराव म्हणाले.

“सर, आधी दाबलं तर लवकर होते.”

त्यांनी हिरवा चेहरा दाबला. इनायाने फाइल खरोखरच पानन् पान वाचली. वाचता वाचता तिचं हसू गेलं, मग ती गंभीर झाली आणि शेवटी खुर्ची ओढून पुढे सरकली. माझा भाऊही असाच अडकला होता, असं तिने हळूच सांगितलं. अर्धा तास ती नियमांच्या यादीत काहीतरी शोधत होती.

“सर, मिल गया,” ती म्हणाली. “शाळेचा विद्यार्थी कॉलेजात नको, कॉलेजचा शाळेत नको. पण दोन्हीकडे जायला परवानगी असलेली एक कॅटेगरी आहे. शिक्षक.”

“ती सोळा वर्षांची आहे हो!”

“सहायक शिक्षकाला वयाची अट लिहिलेली नाही. कोणाला सुचलंच नसेल. सहावीच्या मुलांना खेकडा तिनेच शिकवला ना? चित्रकलेच्या सरांचं पत्र आणा. शिक्षकांना प्रशिक्षण म्हणून कॉलेजचा कोर्स फुकट आहे. आणि नोकरी करणाऱ्या शिक्षकाचं शिक्षण राहिलं असेल तर तो अकरावी-बारावीला बाहेरून बसू शकतो. खलास!”

चित्रकलेच्या सरांनी पत्र आनंदाने दिलं. सोमवारपासून मैथिलीला शिक्षिकेचं कार्ड मिळालं. त्या कार्डाने दोन्ही फाटकं उघडत. ती सकाळी सहावीला चित्रकला शिकवी, दिवसभर अकरावीत ‘निरीक्षणासाठी’ बसे आणि सोमवारी-बुधवारी दुपारी प्रशिक्षणार्थी शिक्षक म्हणून खाडीतल्या चिखलात उतरे. वर्गातल्या मैत्रिणी तिला मॅम म्हणून चिडवत. वार्षिक परीक्षेत तिला पर्यवेक्षणाचं काम आलं, तेव्हा तिने आधी स्वतःचा पेपर लिहिला आणि मग उरलेला वेळ बाकांमधून फिरून काढला. कोर्समध्ये तिला सर्वांत वरची श्रेणी मिळाली. तिवरांतल्या खेकड्यांवरचा तिचा टिपण-अहवाल विजयकुमारांनी स्वतः वाचून काढला आणि, प्रमाणपत्र नसूनही किती सुंदर लिहिलंय, असं म्हणाले.

वर्षाअखेर खात्याचा अहवाल आला. त्या शाळेतून योजनेचे लाभार्थी तीन: एक शालेय विद्यार्थिनी, एक जलदगती विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका. तिघींचा निकाल शंभर टक्के. तिघींचं नाव योगायोगाने एकच होतं, त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मागणी तिप्पट झाल्याचा आलेख मात्र रंगीत छापला होता आणि त्याच्या जोरावर योजना पुढच्या वर्षी मोठ्या प्रमाणावर राबवायचं ठरलं.

समारंभाला वासुदेवरावांना ‘आदर्श पालक’ म्हणून बोलावणं आलं. दोन मिनिटं बोलायचं होतं. त्यांनी आदल्या दिवशी बसून एक पान लिहिलं. त्यात तीस तास, सव्वीस तास, गाडीतलं रडणं, सगळं होतं. अर्चनाने वाचून मान डोलावली. “हे असंच्या असं वाचा,” ती म्हणाली.

स्टेजवर गेल्यावर त्यांच्या हातात काचेचं स्मृतिचिन्ह आलं. त्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं आणि खाली नंबर होता. समोर कॅमेरे होते. वासुदेवरावांचा ऊर भरून आला. “प्रक्रिया अतिशय सोपी आहे,” ते म्हणाले. “एव्हरीथिंग वॉज व्हेरी स्मूद.”

खाली आल्यावर मैथिली त्यांच्या कानाशी म्हणाली, “बाबा, यू लाइड.”

“अगं, स्टेजवर होतो,” वासुदेवराव म्हणाले. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि दोघंही एकदम हसत सुटले. अर्चना हसली नाही. ती चहाच्या रांगेकडे बघत होती.

तिथे बारा-पंधरा मराठी पालक त्यांचीच वाट बघत थांबले होते. या सगळ्यांना मैथिलीची कहाणी पहिल्या ई-मेलपासून ठाऊक होती. वासुदेवरावांनी दर शुक्रवारी ती ग्रुपवर टाकली होती आणि मंडळी पोट धरधरून हसली होती. काय ही सिस्टीम, काय हा वेडेपणा, असं म्हणून त्यांनी ती पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनाही पाठवली होती. आता अनिल कर्वे सगळ्यांत पुढे झाले. त्यांचा मुलगा पहिलीत होता.

“वासुदेवराव, मानलं तुम्हाला,” ते म्हणाले. “पण मला एक सांगा, आमच्या चिरंजिवांना थेट शिक्षक म्हणूनच भरता येईल का? मधलं सगळं वगळून?”

“फॉर्मची लिंक टाका ना,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणाले.

वासुदेवरावांनी लिंक टाकली. ती इथे देता आली असती. पण एवढं हसून झाल्यावर आपण ती मागणार नाही, असा आमचा समज आहे. तरीही पान उलटून खाली काही दिलं आहे का ते बघून घेतलंत, त्याबद्दल अभिनंदन. आपण पात्र आहात.