सरकार पायरीपर्यंत

लंडनमध्ये, स्टॅनमोरला आमच्या शेजारी निमकरकाका राहतात. त्यांच्या पुढच्या दाराशी, पायरी आणि उंबरठ्याच्या मधोमध, पितळेची एक पट्टी बसवलेली आहे. काकांच्या मते सरकारची हद्द तिथे संपते.

"सरकारने रस्ता झाडावा, दिवे लावावेत, चोर पकडावेत," ते म्हणतात. "पायरी चढू नये."

कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं की काका ते लाल पेनाने तपासतात, खाली शेरा मारतात आणि सेकंड क्लासचं टपाल तिकीट लावून परत पाठवतात. फर्स्ट क्लासची त्याची लायकी नसते. एकदा कुंपण फार उंच झाल्याची नोटीस आली. काकांनी कळवलं की ते कुंपण पलीकडच्या घराचं आहे आणि पलीकडचं घर कौन्सिलचंच आहे. कौन्सिलने लेखी माफी मागितली. ते पत्र हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. त्यातल्या दोन चुकाही लाल पेनाने दाखवलेल्या आहेत.

काका मूळचे नागपूरचे, रेल्वे सिग्नलचे निवृत्त इंजिनीअर, शुद्ध शाकाहारी आणि शॉटगनचे परवानाधारक. दर रविवारी ते शूटिंग ग्राउंडवर जाऊन हवेत उडवलेल्या मातीच्या बशा फोडत. पक्ष्याच्या पिसालाही त्यांनी आजवर धक्का लावलेला नाही.

"मग बंदूक हवी कशाला, काका?" मी एकदा विचारलं.

"हक्काला 'कशाला' विचारलं की तो हक्क राहत नाही. मेहेरबानी होते. आणि हे फॉर्म कोण भरतं? मी. चोर फॉर्म भरतो का रे?"

 

कायद्याला नावं ठेवत काका तो तंतोतंत पाळत. जिन्याखाली, भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं पोलादी कपाट होतं. परवानाधारकाशिवाय ते कोणालाच उघडता येऊ नये, असा नियम. म्हणून किल्ली कुठे आहे हे शालिनीकाकूंनाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात काकांनी बायकोपासून लपवलेली ही एकच गोष्ट, आणि तीही सरकारच्या सांगण्यावरून.

वाचनाबद्दलही त्यांचा कायदा होता. "दोनदा वाचता येतं ते पुस्तक. बाकी चणेफुटाणे." घरात इतिहास, चरित्रं, राज्यशास्त्र. काकूंना रहस्यकथा आवडत. त्या त्यांनी आमच्याकडे, बुटांच्या रॅकमागे ठेवल्या होत्या. गुरुवारी दुपारी येऊन वाचत. पुस्तक संपलं की पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुनी कोण ते लिहीत. "म्हणजे चुकून दुसऱ्यांदा हातात घ्यायला नको," त्या म्हणत. "ह्यांना कळलं तर उगाच 'पुस्तक' म्हणून पास करतील."

गेल्या मार्चमध्ये काकू गेल्या. तेराव्यानंतर मी ती पुस्तकं पिशवीत भरून काकांना नेऊन दिली. त्यांनी एक उघडलं, पहिलं पान पाहिलं. "चणेफुटाणे," म्हणाले, आणि पिशवी आत घेऊन गेले.

ऑक्टोबरमध्ये परवान्याचं नूतनीकरण आलं. अर्जासोबत ओळखीच्या माणसाची शिफारस लागते. काकांनी माझ्यासमोर शिफारशीचा वेगळा फॉर्म ठेवला.

"खरं लिही. पेपरात काम करतोस ना?"

या माणसाच्या हाती बंदूक देण्याबद्दल तुम्हाला काही शंका आहे का, असा त्यात प्रश्न होता. फ्रेमखालच्या टेबलावर कौन्सिलची तीन पत्रं न उघडलेली पडली होती. लाल पेनाचं टोपण काढलेलंच नव्हतं. मी उत्तर कोरं ठेवलं आणि फॉर्म खिशात घातला. पोलिसांकडून तपासणीला माणूस आला की मला बोलवा, एवढंच म्हणालो.

मिस वॉर्ड नावाच्या बाई आल्या. काकांनी पट्टीकडे बोट दाखवून त्यांना बूट काढायला लावले. तपासणी स्वयंपाकघरात सुरू झाली.

"मिसेस निमकर गेल्यापासून तुम्ही कसे आहात?"

"हा सरकारचा प्रश्न नाही," काका म्हणाले.

"आज आहे," बाई शांतपणे म्हणाल्या.

माझ्या खिशात तो फॉर्म होता. काका उठले, आत जाऊन किल्ली घेऊन आले आणि त्यांनी जिन्याखालचं कपाट उघडलं.

आत बंदूक नव्हती. काकूंच्या रहस्यकथा होत्या, सिग्नलच्या फायलींसारख्या क्रमाने लावलेल्या.

"बंदूक एप्रिलपासून शस्त्रांच्या दुकानात ठेवायला दिलीय. ही पावती," काका म्हणाले. "घरात आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि ती बंदूक. संगत बरी वाटली नाही."

बाईंनी पावती दोन्ही बाजूंनी पाहिली.

"मग परवाना कशाला?" बाईंनी विचारलं.

"बंदूक सोडता येते. हक्क सोडायचा नसतो."

"आणि पुस्तकं कुलपात?"

"मुलगी ब्रॅकनेलहून येते आणि घर आवरते. ही पुस्तकं ती चॅरिटी शॉपला दान देणार होती. हे कपाट तिला उघडता येत नाही. तुमचाच कायदा." काकांनी जरा थांबून भर घातली, "एक तरी कामाचा निघाला."

मी एक पुस्तक काढलं. पहिल्या पानावर काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं: वकील. त्याखाली लाल पेनाने, तारखेसह: सहमत. त्याखाली दुसरी तारीख होती.

"काका, दोनदा?"

"ठेव ते जागेवर."

मी खिशातला फॉर्म काढला आणि कोऱ्या जागेत लिहिलं: शंका नाही.

मिस वॉर्डनी त्यांच्या नोंदी संपवल्या. दारात बूट घालताना म्हणाल्या, की परवान्याचं काम झालं, पण ख्रिसमसच्या आधी त्या सहज एकदा डोकावून जातील. नियमात तसं काही नाही.

"म्हणजे हे अधिकाराबाहेरचं झालं," काका म्हणाले.

"हो, तसंच म्हणा."

काका पितळी पट्टीच्या आतल्या बाजूला उभे होते. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"कोणत्या वारी याल?" त्यांनी विचारलं. "म्हणजे पोहे भिजवून ठेवायला बरं."