भाकर, पिठलं, रवा

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं बजावलंय. पण मी बोलते कुठं, लिहितेय फक्त.

पडेगावात दौलताबादच्या रस्त्याला आईनं पिठलं-भाकरीचं दुकान टाकायचं ठरवलं. सुनेनं रस्त्यावर चूल मांडणं नानासाहेबांना, म्हणजे आजोबांना, पसंत नव्हतं. ते म्हणाले, एक दिवस बघू; संध्याकाळी दुरडीत भाकरी उरली तर दुकान बंद.

पाटीला पेंटर बोलवायचा होता. पण बाबा कचेरीत कारकून असले तरी मनानं पेंटर. (कचेरीतली ‘शांतता राखा’ ही पाटी त्यांचीच. ती वाचून लोक मोठ्यानं का हसतात, हे त्यांना उमगलेलं नाही.) त्यांचं मत असं, की टोकदार अक्षर उपाशी दिसतं, खाण्याच्या दुकानावर जेवलेलं अक्षर पाहिजे. मग त्यांनी लाल रंगात अशी गुबगुबीत अक्षरं काढली, की बघत राहावं. काना लाटण्यासारखा, ‘ठ’ टम्म फुगलेल्या पुरीसारखा, कुठं कोपरा म्हणून नाही. प्रत्येक रेघेचं टोक त्यांनी बाळाचा गाल पुसावा तसं गोल केलं. एकाखाली एक तीन शब्द: भाकर, पिठलं, खा.

सकाळी पैठणचा एक पाहुणा बसमधून उतरला आणि म्हणाला, रवा द्या. आईला वाटलं, थट्टा करतोय. तेवढ्यात शेजारच्या द्वारकाबाई डबा घेऊन आल्या.

“वच्छलाबाई, रवा बारीक हाय का जाड?”

“रवा कुठला? पिठलं हाय.”

“मंग पाटीवर कशाला लिव्हलाय?”

बाबा रस्त्यापलीकडे उभं राहून पाटीच न्याहाळत होते. ते धावत आले. “अहो, तो ‘ख’ हाय.”

“व्हय का? मला तर ‘र’ आन् ‘व’ दिसतोय. मधून बैलगाडी जाईल, कारभारी.”

बाबांनी वर पाहिलं. टोक गोल करण्याच्या नादात ‘र’चं शेपूट ‘व’पर्यंत पोचलंच नव्हतं. ते ब्रश आणायला निघाले, तर आई हळूच म्हणाली, “ब्रश राहू द्या. घरातला रव्याचा डबा आणा.”

तिनं शिरा चढवला. तो होईस्तोवर माणसं बसली, आणि बसली ती पिठलं-भाकर खात. शिऱ्याचा वास सुटला तशी आणखी आली. संध्याकाळी दुरडी रिकामी. नानासाहेबांच्या वाट्याला पिठल्याची खरवड तेवढी आली. ती बोटानं पुसून खात ते म्हणाले, “पाटी लई ब्येस झालीय. हात लावू नगा तिला.”

लोकांना वाटतं, पाटीवरचा ‘रवा’ ही आईनं मुद्दाम केलेली युक्ती, म्हणून हे सांगायचं नाही. ती अक्षरं मला अजूनही मनापासून आवडतात. बाबा तर इतके खूश झाले, की त्याच अक्षरांत त्यांनी माझ्या दप्तरावर नाव काढलं. अक्षरांच्या हौसेनंच त्यांनी माझं नाव सुलेखा ठेवलंय. फक्त ते दप्तर शाळेत नेल्यापासून वर्गातल्या मुली मला—

“ए सुलेरवा, चल की गं, घंटा झाली.”