९०३ नंबरचा ओला कचरा

पृथ्वीचा ऱ्हास मुख्यत्वे शेजाऱ्यांमुळे होतो, याबद्दल जगातल्या कुठल्याही इमारतीत दुमत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की नेमक्या कोणत्या शेजाऱ्यामुळे. दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरातल्या हानबित गृहसंकुलाने तो निकालात काढला, त्याबद्दल त्या संकुलाचे कौतुक करावे तेवढे थोडे.

संकुलात ओल्या कचऱ्याचे यंत्र आहे. घराचे कार्ड टेकवले की झाकण उघडते, बादली उपडी केली की यंत्र वजन करते आणि ते बाईच्या गोड आवाजात जाहीर करते. त्यामुळे रांगेत मागे उभ्या असलेल्यांना उगाच अंदाज बांधत बसावे लागत नाही. पण रांगेत उभे नसणाऱ्यांवर हा अन्यायच होता. म्हणून पर्यावरण समितीने ठराव केला, की दर सोमवारी घरनिहाय वजनाची यादी, कमी कचरा वर आणि जास्त खाली अशी, लिफ्टमध्ये लावावी आणि जे घर सलग तीन आठवडे तळाला राहील, त्या घरातल्या कोणालाही कुठल्याच समितीवर राहता येऊ नये. ठराव एकमताने मंजूर झाला (हजर चार, जागे तीन). मांडणारे होते समितीचे अध्यक्ष मो गी-सोक. वय एकसष्ट, भूमापन खात्यातून निवृत्त, मुक्काम ९०३. शेवटचे कलम त्यांनी ८०१ च्या प्यो बाईंना डोळ्यांसमोर ठेवून घातले होते. प्यो बाईंचा अध्यक्षपदावर डोळा होता.

पहिल्या सोमवारी यादी लागली. एकशे बारा घरांत तळाला ९०३. अकरा किलो चारशे ग्रॅम.

याचे कारण सासूबाई. त्या दूर दक्षिणेला हेनामला राहतात, वय वर्षे ब्याऐंशी, आणि दर नोव्हेंबरला लेकीकडे चाळीस कोबींची किमची, म्हणजे मीठ-मिरचीत आंबवलेला कोबी, पाठवतात. घरात माणसे दोन (मुलगा कॅनडात, तिथे तो पिझ्झा खातो). सासूच्या किमचीला नको म्हणण्यास कायद्याने बंदी नाही, पण कोणी म्हणून पाहिल्याची नोंद नाही. वर्षभर किमचीचा रस्सा, किमचीची धिरडी आणि किमचीचा भात खाऊनही ऑक्टोबरात निम्मी उरतेच, आणि किमचीचा स्वतंत्र फ्रीज नव्या मालासाठी रिकामा करावा लागतो. (पर्यावरण समितीच्या अध्यक्षांकडे दोन फ्रीज कसे, हा प्रश्न गैरलागू आहे. यंत्र फ्रीज मोजत नाही.)

मो नियमाने चालणारे गृहस्थ. ओल्या कचऱ्याचा नियम असा, की जनावर खाईल तो ओला, खाणार नाही तो सुका. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आणि तासभर डुकराच्या भूमिकेतून विचार करत राहिले. अंड्याची टरफले: डुक्कर खाणार नाही. शिंपले: नाही. कांद्याची साले: नाही. कलिंगडाची साल: आवडीने. मग त्यांनी किमचीचा डबा पुढ्यात ओढला.

"हे काही डुक्कर खाणार नाही," ते म्हणाले.

त्यांची बायको सुन-ए भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. "माझ्या आईच्या हातची किमची डुक्करसुद्धा खाणार नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"अगं, खारटपणामुळे म्हणतोय."

"म्हणजे आता खारटही झाली."

डुक्कर किमची खाईल असे ठरले. मात्र खारट पदार्थ धुऊन टाकावेत असे पोटकलम असल्यामुळे ती सात बादल्या पाण्यात धुण्यात आली (यंत्र पाणीही मोजत नाही). धुतलेल्या कोबीने पाणी धरले. दुसऱ्या सोमवारी आकडा तेरा किलो नऊशे. लिफ्टमध्ये प्यो बाई यादीकडे पाहून म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, तब्येतीला जपा. खाल्लेलं अंगी लागत नाहीये वाटतं." मो यांना तो प्रवास नऊ मजल्यांपेक्षा बराच लांब वाटला. खरे सांगायचे तर त्यांना रडू आले होते.

आता एकच आठवडा हातात होता. मो यांची बहीण शेजारच्या योंगिन शहरात राहते, आणि तिच्या संकुलात यादी लागत नाही. रविवारी सकाळी मो यांनी बादली मागच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला आणि बावीस किलोमीटर जाऊन बहिणीच्या कार्डावर रिती केली. येताना बावीस वेगळे. अशा चार खेपा झाल्या. सोमवारी ९०३ पहिल्या क्रमांकावर, दोनशे ग्रॅम.

पर्यावरणाची चळवळ अशीच एकाकडून दुसऱ्याकडे जाते. महिनाभरात रविवारी सकाळी पार्किंगमध्ये झाकणाच्या बादल्या घेतलेली माणसे भेटू लागली. ती एकमेकांना वाकून नमस्कार करत, पण झाकणाखाली काय आहे हे कोणी विचारत नसे. संकुलाचा ओला कचरा एकसष्ट टक्क्यांनी घटला. पालिकेने मो यांना मानपत्र दिले आणि बक्षीस म्हणून आधीच्यापेक्षा मोठी बादली.

ते मानपत्र पाहायला सासूबाई हेनामहून मुद्दाम आल्या. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचले.

"जावईबापू, यात लिहिलंय की घरात अन्नाचा कण वाया गेला नाही. खरं ना हे?"

सुन-ए फरशीकडे पाहत होती. मो एकदा फ्रीजकडे आणि एकदा मानपत्राकडे बघत राहिले. खरे सांगितले तर मानपत्र जाणार होते, आणि म्हातारीचा चेहरा उतरणार होता तो वेगळाच.

"हो, आई," ते म्हणाले. "एक पान टाकलं नाही."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आले. "आणि मला आपलं वाटायचं, शहरात कोण खातंय. उपाशी ठेवलं हो मी तुम्हाला. यंदा ऐंशी कोबी घालते."

मो यांचे काय चुकले, हे सुज्ञ वाचकांच्या कधीच लक्षात आले असेल. त्यांची बादली कोणत्या दिवशी निघाली, किती किलोमीटर गेली, कोणाच्या कार्डावर रिकामी झाली, हे तुम्ही आता न अडखळता सांगू शकता. आज सकाळी तुम्ही दाराबाहेर ठेवलेल्या बादलीबद्दल तेवढेच सांगा.