सायरबाईचं मराठी

मारवाडातून लग्न होऊन पाचोऱ्याला आल्यावर तीनच महिन्यांत सायरबाईनं सासूला सांगून टाकलं, की आपल्याला मराठी आलं!

तिची गुरू म्हणजे शेजारच्या यशोदाबाई. त्यांच्या तोंडी एक शब्द सतत असे. दूध उतू गेलं की ‘मेलं दूध’, मांजर शिरली की ‘मेली मांजर’, नवऱ्याला उशीर झाला की ‘मेला कुठं उलथला!’ ओट्यावर सासरे इंदरचंद शेठ आणि यशोदाबाईंचे यजमान जीवरामभाऊ सोंगट्या खेळत, तेव्हाही ‘मेली, मेली!’ म्हणून हसत सुटत. सायरबाईनं ताडलं, हा मायेचा शब्द असावा. नवऱ्याला ‘मेला’, तर वडीलधाऱ्यांना मानानं ‘मेले’ म्हणायचं. व्याकरणात ती पक्की होती.

एका सकाळी शेठ बोदवडला गेले. सासू सुगनबाई मुलाबरोबर जळगावला. सायरबाई घरात एकटीच होती. इतक्यात शेठांच्या ओळखीचा अभिमन नावाचा शेतकरी दारात आला आणि शेठ आहेत का म्हणून विचारू लागला. घुंगट ओढून ती दाराआडून अदबीनं म्हणाली, “आमचे शेठ मेले, बोदवडला.”

अभिमन मटकन पायरीवर बसला.

“कधी?”

“आज सकाळी.”

“कशानं गेले?”

“गाडीनं.”

अभिमननं पागोटं काढलं. हा एवढा का खचला हे तिला कळेना, म्हणून तिनं त्याला पाणी दिलं. ते न पिताच तो बाजारात धावला. “शेठ गया रे भाऊ, गाडीखाल!”

तासाभरात निम्मा बाजार बंद. बायका घरात शिरल्या. यशोदाबाईंनी सायरबाईला कवटाळून हंबरडा फोडला. सायरबाईला वाटलं, यांच्या माहेरचं कुणी गेलं असणार. शेजारधर्म म्हणून तिनंही गळा काढला, आणि चार बायकांपेक्षा अंमळ चढाच. मग शंकेला जागाच उरली नाही. जीवरामभाऊ डोळे पुसत बोदवडला जायला माणसं गोळा करू लागले.

दुपारच्या गाडीनं इंदरचंद शेठ उतरले. दारातली गर्दी पाहून त्यांनी टोपी सारखी केली आणि हलक्या आवाजात विचारलं, “कोण गेलं?”

गर्दी दोन पावलं मागं सरली. यशोदाबाई तेवढ्या ओरडल्या, “अगं बाई, हा मेला तर जिवंत आहे!”

त्यातला एक शब्द सायरबाईला कळला. आपण चुकलो नव्हतो, असं वाटून तिला बरंही वाटलं.

पण अभिमननं सगळं सांगितलं आणि ‘मेले’चा खरा अर्थ तिला कळला. आता माहेरी रवानगी! ती चुलीपाशी जाऊन बसली. संध्याकाळी सुगनबाई आल्या, त्यांना सगळं कळलं आणि त्या पोट धरून हसल्या. शेठ मात्र ओट्यावर गंभीर चेहऱ्यानं बसले होते. सायरबाई आतून कान देऊन ऐकत राहिली. सुनेचं नावही न काढता ते जीवरामभाऊंना विचारत होते, कोण कोण आलं होतं. भाऊंनी चाळीसेक नावं सांगितली. एकेक नाव ऐकताना शेठ ताठ होत गेले.

“आणि समोरचे ज्ञानचंद?”

“त्यांचं कापडाचं दुकान उघडंच होतं,” भाऊ चाचरत म्हणाले.

शेठांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीचं धोतर नेसून, छाती काढून ते ज्ञानचंदांच्या दुकानावरून तीनदा चालत गेले. तिसऱ्या खेपेला ज्ञानचंदांनी वर्तमानपत्रातून मान वर केली.

“का हो शेठ, काही हरवलंय का?”