नाळवाले डॉक्टर

आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर बाळाच्या बापापेक्षाही अस्वस्थ असा एक माणूस हमखास दिसायचा. हातात बुचाची छोटी बाटली, अंगात बाह्या दुमडलेला पांढरा कोट, आणि नजर लेबर रूमच्या दारावर. हे आमचे डॉक्टर खटावकर.

"सिस्टर, झालं का?"

"नाही डॉक्टर, अजून वेळ आहे."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"मी नव्हतं बोलावलं."

"हं," म्हणायचे आणि तिथंच उभे राहायचे.

सांगलीतल्या त्या हॉस्पिटलात मी सत्तरच्या दशकात नर्स होते. माझं माहेर जतकडचं. डॉक्टर खटावकर हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीचे प्रमुख. माणसांशी त्यांचा संबंध नसे. "माझा पेशंट बाटलीत असतो," असं ते सांगत, आणि बाटलीतला पेशंट 'बरं वाटंल का हो डॉक्टर' म्हणून विचारत नाही याचं त्यांना मनापासून समाधान होतं. कुणी "ताप टायफॉइडचा असावा" म्हणालं की लगेच "अंदाज नको!" असं ओरडायचे. कँटीनवाल्यानं "पाऊस येईल बहुतेक" म्हटलं तरी हेच.

लॅबोरेटरीतल्या फ्रिजवर त्यांचा जीव होता. मुंबईहून ओळखीनं मागवलेलं कसलंसं महागडं औषध त्यात असे. एकदा तासगावच्या कुणा पेशंटानं द्राक्षांची पेटी पाठवली आणि वॉर्डबॉयनं ती त्या फ्रिजमध्ये ठेवली. डॉक्टरांनी पेटी उचलली, बाहेर पायरीवर जाऊन बसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घोस देत राहिले. "खा. इथं बसून खा. पण आत ठेवायची नाहीत."

आमच्याकडून त्यांना हवं असायचं नाळेतलं रक्त. नाळ कापली की वारेकडच्या टोकात थोडं रक्त उरतं, ते एरवी वायाच जातं. पण हे नातेवाइकांना कोण समजावणार? कवठेमहांकाळकडच्या एका आजीबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं.

"आवं सिस्टर, ह्यो बाबा नाळंचं रगात न्हेतोय. करणीबिरणी करतोय का काय?"

"ते डॉक्टर आहेत, आजी."

"डागदर हाय तर दारात का हुबा हाय?"

डॉक्टरांनी ते ऐकलं आणि आपल्या परीनं खुलासा केला. "तुम्हाला नको आहे ते मला हवं आहे." आजीबाईंनी बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवला तो घरी जाईपर्यंत काढला नाही.

शेवटी एकदा मीच विचारलं, की हे रक्त लागतं कशाला? त्यांनी मला लॅबोरेटरीत नेलं. काचेच्या पट्टीवर चायनाग्रासच्या वडीसारखा थर होता आणि त्यात बारीक भोकं पाडलेली.

"पोटातल्या बाळाचं लिव्हर एक प्रथिन तयार करतं," ते म्हणाले. "जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं. धडधाकट मोठ्या माणसाच्या रक्तात या परीक्षेला सापडत नाही. पण लिव्हरला कॅन्सर झाला की पुष्कळदा ते पुन्हा सुरू होतं. मधल्या भोकात मुंबईचं औषध, या प्रथिनाशी गाठ पडली की पांढरी रेघ उठवणारं; एका बाजूला पेशंटचं रक्त, दुसऱ्या बाजूला बाळाचं. बाळाची पांढरी रेघ उठलीच पाहिजे. ती नाही उठली तर परीक्षाच बिघडली. आणि पेशंटचीही उठली तर..." मग हळूच म्हणाले, "लिव्हरला बाळपण आठवतं, सिस्टर."

एवढं बोलून स्वतःच ओशाळले आणि मला दार नीट ओढून घ्यायला सांगितलं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला पुरुषांच्या वॉर्डात हवालदार जोतीराम दाखल झाले. कराडकडचे, फौजेतून निवृत्त होऊन ऊस बघणारे. बरगडीखाली उजवीकडं पोट कडक लागत होतं आणि अंगावरचं मांस उतरलं होतं. तरी सकाळी खाटेवरची चादर अशी ताणून घालायचे, की आमच्या मेट्रन ती इतरांना दाखवायला आणत. मुलगा फौजेत, दूर सरहद्दीवर. सून शालन सासऱ्याच्या देखभालीसाठी दिवस भरत आलेले असताना सांगलीत नातेवाइकांकडं राहिली होती. एका दुपारी ती डबा घेऊन आली आणि खाटेशीच तिला कळा सुरू झाल्या. आम्ही तिला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा हवालदार बिछान्यात ताठ बसून म्हणाले, "एकाच हुकमावर दोन माणसं भरती! लय भारी."

मुलगा झाला. दाराशी बाटली घेऊन डॉक्टर होतेच.

हवालदारांचं रक्त त्याच दिवशी लॅबोरेटरीत गेलं होतं. बाळाच्या बाजूला ताजं रक्त हवं म्हणून डॉक्टरांनी हातातली बाटली वापरली. ती कुणाच्या घरची, हे त्यांनी पाहिलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं आणि पट्टी उजेडात धरली. दोन्हीकडून पांढऱ्या रेघा उठल्या होत्या आणि टोकांना एकमेकींना मिळाल्या होत्या. कुठं एक संपते नि दुसरी सुरू होते, ते कळत नव्हतं.

"म्हणजे दोन्हींत पदार्थ एकच," ते म्हणाले. "हे बाळ कुणाचं?"

मी सांगितलं. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

त्या संध्याकाळी ते वॉर्डात आले. इतक्या वर्षांत मी त्यांना पेशंटच्या खाटेशी पहिल्यांदाच पाहिलं. हवालदारांनी विचारलं, "डॉक्टरसाब, काय दिसलं रगतात?"

खोटं बोलायला त्यांना येत नव्हतं. खरं सांगणं त्यांच्या हातात नव्हतं. ते वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी घरच्यांना सांगायचं. ते म्हणाले, "तुमच्या आणि तुमच्या नातवाच्या रक्तात एक गोष्ट अगदी सारखी आहे."

हवालदार खूष. "नातू माझ्यावर गेलाय! डागदरांनी रगात तपासून सांगितलंय!" असं साऱ्या वॉर्डाला ऐकवलं. डॉक्टरही त्या दिवशी जिना उतरताना काहीतरी गुणगुणत होते.

पुढं हवालदार, शालन आणि बाळ घरी गेली. काही आठवड्यांनी शालन बाळाला टोचून घ्यायला आली. तोंड उतरलेलं.

"मामंजी बाळाला जवळ घेत न्हाईत, सिस्टर. पाळणा पार पल्याड ठिवायला लावलाय. म्हणत्यात, दोघांच्या रगतात एकच हाय म्हंजी माझं दुखणं पोराला लागलंय. मी हात लावला तर वाढंल."

मी तशीच लॅबोरेटरीत गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. "मी खोटं बोललो नव्हतो," म्हणाले.

"अर्धं बोललात."

ते म्हणाले, "रविवारी मी जातो. तुम्ही याल का बरोबर? लोकांच्या घरी गेल्यावर काय बोलायचं ते मला समजत नाही."

एस.टी.नं गेलो. अंगणात लिंबाखाली खाटेवर हवालदार बसले होते. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पण मिशीला पीळ होता. पाळणा खरंच पलीकडच्या सोप्यात होता. डॉक्टर बसलेसुद्धा नाहीत.

"हवालदार, मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. बाळाच्या रक्तात ते असायलाच हवं. प्रत्येक बाळाच्या असतं. माझ्याही होतं, या सिस्टरांच्याही होतं. वर्षभरात आपोआप जातं. त्याला कसलाही आजार नाही."

"आन माझं?"

शालन पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"तुमचं जाणार नाही."

हवालदारांनी मान हलवली. "ते मला ठावं हाय. समद्यांनी दडवलं तरी आपलं आंग आपल्याला सांगतंय. पर त्याचं जातंय न्हवं? बघितलंय तुमी?"

"बघितलंय. मोठ्या मुलांच्या रक्तात शोधलंय, सापडत नाही."

"शालन, आन त्याला हिकडं."

तिनं पोर आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून, पाठीवरून, पायांवरून हात फिरवला, हरवलेलं सामान परत मिळाल्यावर तपासून घ्यावं तसा. थोड्या वेळानं दमले आणि पोर डॉक्टरांपुढं धरलं. "धरा वाईच."

डॉक्टर एक पाऊल मागं सरकले. "मी... मी कधी घेतलेलं नाही."

"म्हंजी? मूलबाळ?"

"लग्न राहिलं."

शालननं त्यांना खाटेच्या कडेला बसवलं, त्यांचा एक हात बाळाच्या मानेखाली ठेवला, दुसरा खाली. ते श्वास रोखून बसले. बाळानं जांभई दिली तेव्हा घाबरून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, झोप आलीय त्याला. मग हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले.

फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. "डॉक्टर, सांगलीची गाडी आली," मी उठले.

"जाऊ द्या," ते मान वर न करता म्हणाले. "पुढची मिळेल."

पुढची गाडी थेट संध्याकाळी होती. येताना कंडक्टरला ते त्यांनीच विचारून घेतलं होतं.