शकीलभाईंच्या पाठीवर

शकीलभाईंनी मला पहिल्यांदा उचललं, तेव्हा माझ्या हातात दुधाच्या दोन पिशव्या होत्या. सकाळची वेळ. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून कमरेला विळखा पडला. काय होतंय ते कळायच्या आत मी हवेत. ओरडण्यासाठी तोंड उघडलं तोवर त्यांनी मला परत खाली ठेवलं, श्वास सोडला आणि समाधानानं म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर किलो. बरोबर ना, भाऊ?"

बरोबर होतं. त्याचाच जास्त राग आला.

रहाटणीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, शकीलभाई तिसऱ्या. त्यांचं काळेवाडीच्या रस्त्याला टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. वय पन्नाशीला टेकलेलं, पोट त्याच्याही थोडं पुढे गेलेलं. घरात बायको नसीमभाभी आणि म्हातारे वडील. बिल्डिंग जुनी असल्यानं लिफ्ट नाही. बिल्डर लिफ्टसाठी जागा सोडून गेलाय, तिथं आम्ही सायकली ठेवतो.

हा माणूस कोणतीही गोष्ट वेळेआधी करत नाही. विजेचं बिल कनेक्शन तोडायला माणूस दारात आला की भरतो. निकाहाच्या दिवशी शेरवानीची बटणं गाडीत बसल्यावर लावली, असं भाभी अजून सांगतात. कशाचंही विचारा, उत्तर ठरलेलं. "अजून टाइम आहे."

तर या गृहस्थांनी चऱ्होलीच्या पुढं माळावर होणाऱ्या अडथळ्यांच्या शर्यतीत नाव घातलं. चिखलातून सरपटायचं, लाकडी भिंत चढायची, लोखंडी नळ्यांना लोंबकळत पलीकडे जायचं, जोडीदाराला पाठीवर घेऊन टेकाड ओलांडायचं, असला तो प्रकार. लोक सहा-सहा महिने तयारी करतात म्हणे. यांच्या हातात जेमतेम पंधरवडा होता. एकट्याच्या जागा भरून गेल्या होत्या, जोडीच्या शिल्लक होत्या. म्हणून जोडीदार म्हणून माझं नाव दिलं. हे मला दुधाच्या पिशव्या हातात असताना सांगण्यात आलं.

"शकीलभाई, मला बसमागे धावता येत नाही."

"तुम्हाला कोण धावायला सांगतंय? तुम्ही फक्त वजन."

"आणि तुमची तयारी?"

"भाऊ, ताकद कुठं जात नसते. झोपते. तिला उठवायचं फक्त."

दुसऱ्या दिवसापासून ती ताकद उठवायचं काम सुरू झालं आणि बिल्डिंगची झोप उडाली. पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांखालून हे पोटावर सरपटत जात. तिसऱ्या दिवशी पोट एका गाडीखाली अडकलं, वॉचमनला नुसते पाय दिसले, आणि त्यानं चोर चोर म्हणून आख्खी बिल्डिंग खाली उतरवली. भिंत चढण्याच्या सरावात कंपाउंडच्या दोन विटा निखळल्या. चेअरमननी नोटीस लावली. ही नोटीस मी वाचत असताना शकीलभाई तिच्या शेजारच्या पाइपाला लोंबकळत होते.

मनगटात पकड यावी म्हणून ते ओले कपडे पिळू लागले. आधी घरचे, मग मजल्यावरचे. बायकांना ही बातमी लगेच कळली. एका संध्याकाळी मी कंपनीतून आलो, तर माझी बायको त्यांच्या हातात आमची भिजलेली गोधडी देत होती.

"अगं, काय हे?"

"त्यांची कसरत होतेय, माझी गोधडी वाळतेय. तुम्हाला काय त्रास आहे?"

मला होणारा त्रास तिला दिसत नव्हता. माझी चाकणला फर्स्ट शिफ्ट. बस पकडायच्या आधी, धड उजाडलंही नसताना, मी या माणसाच्या पाठीवर बसून जिना चढत-उतरत असे. मान अवघडली, बरगड्या दुखू लागल्या. कंपनीत डिस्पॅचला मी तिरकी मान घेऊन उभा राहिलो की पोरं विचारायची, "काय राव, वहिनींनी मारलं का?" खरं सांगण्यापेक्षा होकार देणं सोपं होतं.

"शर्यतीत जिने आहेत का, शकीलभाई?" मी एकदा त्यांच्या कानात विचारलं. तोंड तिथंच होतं.

"जिना सगळ्यात अवघड, भाऊ. जिना जमला की सगळं जमलं."

"मग टेकाडावर सराव करू. आळंदीच्या रस्त्याला एक आहे."

"अजून टाइम आहे," म्हणाले आणि पुढची पायरी उतरले. उतरताना त्यांचे पाय थरथरत. वळणावर माझं डोकं भिंतीला लागे. ते थांबून, कोन बदलून, परत तेच वळण घेत. माझ्या डोक्याचा विचार न करता, असं तेव्हा मला वाटे.

या सगळ्यावर देखरेख होती अब्बांची, म्हणजे शकीलभाईंच्या वडिलांची. ऐंशीच्या घरातला मोठ्या हाडाचा माणूस. तरुणपणी गावच्या तालमीतले नावाजलेले पैलवान. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, तेव्हापासून ते खाली उतरले नव्हते. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसत. घरात ते हिंदीत बोलत, पण कुस्तीचा विषय निघाला किंवा राग आला की फक्त मराठी.

"आरं, कमरंतनं काय उचलतोस? मांड्या मेल्यात का तुझ्या?" तिसऱ्या मजल्यावरून आवाज येई. "आन् त्या वरच्या माणसाला सांग, अंग सैल सोड म्हणावं! मुडद्यागत ताठलाय!"

मुडदा म्हणजे मी.

शर्यतीच्या दिवशी माळावर पोचलो, तर सगळीकडे दंडांच्या बेटकुळ्या दाखवणारी पोरं. त्यांच्यात आम्ही दोघं, एखाद्या लग्नाला जाता जाता वाट चुकल्यासारखे. तारांखालून सरपटताना शकीलभाई अडकले, त्यांना ओढताना माझी पँट फाटली. भिंतीवर मी त्यांना खालून ढकललं आणि वरच्या दोन पोरांनी ओढलं. पलीकडच्या बाजूला ते कसे उतरले हे मी पाहिलं नाही, फक्त आवाज ऐकला. नळ्यांच्या अडथळ्यात दोघंही पहिल्याच नळीवरून चिखलात. तिथं देखरेखीला उभा असलेला शिट्टीवाला मुलगा अदबीनं म्हणाला, "काका, इथून सोडून दिलं तरी चालतं."

"उचलायचं कुठं आहे?" शकीलभाईंनी विचारलं.

टेकाड फार उंच नव्हतं, पण चिखलानं गुळगुळीत झालं होतं. मी पाठीवर बसलो. निम्म्यावर त्यांची छाती भात्यासारखी वाजू लागली. मागून येणाऱ्या जोड्या आमच्या बाजूनं पुढं निघून गेल्या. माझा पंधरा दिवसांचा वैताग एकदम तोंडात आला.

"बास झालं! खाली ठेवा मला. चालत जाऊ. कोण बघतंय?"

"उतरू नका," ते दातावर दात दाबून म्हणाले. "भाऊ, पाया पडतो, उतरू नका. जिन्यात मधेच उतरता येणार नाही त्यांना."

"कुणाला?"

त्यांनी मान पुढं झुकवली. एक पाय उचलला, रोवला, मग दुसरा. वरती पोचलो आणि पलीकडच्या उतारावर ते इतक्या बेतानं पावलं टाकू लागले, की त्या चिखलात मला पहिल्यांदाच पडायची भीती वाटली नाही.

गळ्यात मेडल घालून आम्ही स्कूटरवर परत निघालो. मेडल सगळ्यांनाच देत होते. रस्त्यात उसाच्या रसाच्या गाडीवर थांबलो. ग्लास हातात घेऊन ते रस्त्याकडे बघत होते.

"अब्बांना खाली यायचंय," ते म्हणाले. "तोंडानं बोलत नाहीत. पण गॅलरीतून खाली वाकून बघतात, एखाद्या दिवशी पडतील. मागच्या ईदला मी चार पोरं बोलावली, खुर्चीत बसवून खाली नेऊ म्हटलं. असे भडकले, भाऊ! 'मला चौघांनी उचलायची येळ अजून आली न्हाई,' म्हणाले. पोरं घाबरून पळाली."

"मग तुम्ही एकट्यानं..."

"मला येतं का ते मलाच माहीत नव्हतं. हातातून सुटले तर? त्यांचं वजन तुमच्याइतकंच." मग जरा ओशाळून म्हणाले, "दुकानात शर्यतीचा कागद आला. म्हटलं, बघू. तारीख ठरली की माझ्याकडून होतं. नाहीतर मी बसलोच असतो, अजून टाइम आहे, अजून टाइम आहे म्हणत. आता तेवढा टाइम..."

मी दुसरा ग्लास सांगितला.

पुढच्या रविवारी मी झोपेत असताना बेल वाजली. दारात शकीलभाई. मी दोन पावलं मागं सरलो.

"आज तुम्ही वजन नाही, भाऊ. फक्त पुढं चला. वळणावर उभे राहा."

वर गेलो. अब्बा खुर्चीत तयार बसले होते. स्वच्छ पांढरा सदरा, केसांना तेल. मला बघून म्हणाले, "पुढच्या साली परत शर्यत हाय म्हनतोय ह्यो. तुमी कंटाळला म्हनं. वजन पायजे तर मी हाय म्हटलं."

"व्हय, कंटाळलो," मी म्हणालो.

शकीलभाई पाठमोरे खाली बसले. अब्बांनी गळ्याभोवती हात टाकले. भाभी दाराला धरून उभ्या होत्या. मी पुढं, उलटा, एकेक पायरी खाली. अब्बा अखंड बोलत होते. "मांडीवर घे. श्वास सोड. घाई न्हाई." वळणावर शकीलभाई थांबले, कोन बदलला, आणि म्हाताऱ्याचं डोकं भिंतीपासून चांगलं हातभर लांबून गेलं. दर वळणावर तसंच. माझ्या मजल्यावर माझी बायको दार उघडून उभी होती.

खाली पार्किंगमध्ये आम्ही प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. शकीलभाई घामानं निथळत चहा आणायला गेटबाहेर गेले. अब्बांनी चप्पल काढली आणि तळपाय जमिनीवर टेकवले. नुसती फरशी, तीही ऑइलचे डाग पडलेली. बोटं हलवून बघितली. शेजारची मोटारसायकल हातानं चाचपली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका रिक्षावाल्याला उगाच हात केला, त्यानंही केला.

मग मला जवळ बोलावलं.

"शर्यत-बिर्यत काय न्हाई पुढच्या साली. कळतंय मला," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याला बोलू नगा. लई मेहनत घेतलीया पोरानं."

शकीलभाई तीन कप सांभाळत आले. अब्बांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कंबर कच्ची हाय तुझी. असल्या कमरंवर शर्यत व्हायची न्हाई. पुढच्या ऐतवारी परत उतरावं लागंल मला."

"जी, अब्बा," शकीलभाई मान खाली घालून म्हणाले, आणि अब्बांना दिसणार नाही अशा बेतानं, आपली युक्ती जमल्याच्या आनंदात, त्यांनी मला डोळा मारला.

मी कप तोंडाला लावला. चहा फार गरम होता, तरी तसाच प्यायलो.